आजींची स्कूटर विमानात कशी जाते?

विमानात बरोबर काय नेऊ नये, याची यादी तुम्हांपैकी कोणीही सहज करील. पेट्रोल, रॉकेल, फटाके, ॲसिड. पेट घेणाऱ्या, फुटणाऱ्या किंवा धातू खाणाऱ्या वस्तू विमानात नकोत, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

पण याच यादीच्या शेजारी विमानतळावर आणखी एक सूचना असते आणि ती वाचून विचारी विद्यार्थी थबकतो. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, असे ती सूचना सांगते. म्हणजे पॉवर बँक धोक्याची आहे, हे विमान कंपनीला मान्य आहे. आणि तरीही ती प्रवाशांच्या मांडीजवळ ठेवायची! आपल्या घरी याच्या उलट असते. पिकावर फवारायचे औषध आपण घरात ठेवत नाही, शेतावरच्या खोलीत ठेवतो. धोका माणसांपासून लांब ठेवावा, हे शहाणपण विमानात उलटे का होते?

हे कोडे लक्षात ठेवा. त्याचे उत्तर आपल्याला एका मोठ्या प्रश्नापर्यंत नेणार आहे. ज्या माणसाचे पायच बॅटरीवर चालतात, त्याने विमानाने कसे जायचे?

मंचर ते बंगळूर

समजा, मंचरला राहणाऱ्या एका आजींना संधिवातामुळे पंचवीस-तीस पावलांच्या पुढे चालवत नाही. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी एक बैठी स्कूटर आहे. चार लहान चाके, वर खुर्ची, पुढे सायकलीसारखा दांडा. दांड्यावरची कळ दाबली की ती माणसाच्या चालीने पुढे सरकते. तिच्यावर बसून आजी भाजी आणतात, देवळात जातात, शेजारणीकडे जाऊन बसतात. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या मात्र या स्कूटरला चढता येत नाहीत; तिथे आजींचा प्रवास पायथ्याशी थांबतो.

आता त्यांना नातीच्या बारशाला बंगळूरला जायचे आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील लोकांना जवळचा विमानतळ म्हणजे पुण्याचा लोहगाव. मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, चाकण करीत तिथवर मोटारीने जाता येईल. आजींची अडचण त्यापुढे सुरू होते.

अशा स्कूटरचा जन्म अमेरिकेतला. मिशिगन राज्यातील ॲलन थीम या गृहस्थांनी १९६८ मध्ये आपल्या घरातल्या एका आजारी व्यक्तीसाठी असे वाहन बनवले आणि त्याला 'अमिगो', म्हणजे मित्र, असे नाव दिले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडातील जॉर्ज क्लाइन या अभियंत्याने विजेवर चालणारी चाकखुर्ची तयार केली होती. दोन्ही वाहनांचे अवयव तेच: एक किंवा दोन मोटरी, एक बॅटरी, वीज कमीजास्त करणारा नियंत्रक आणि ब्रेक. या चार अवयवांपैकी विमानाला चिंता वाटते ती बॅटरीची.

पाय की सामान?

विमान कंपनीच्या दृष्टीने स्कूटर ही पन्नास-साठ किलोंची एक वस्तू असते. आजींच्या दृष्टीने ते त्यांचे पाय असतात. कपड्यांची बॅग हरवली तर दुसऱ्या दिवशी नवे लुगडे घेता येते. स्कूटर मोडून आली तर आजी बंगळूरच्या घरात एका खुर्चीला खिळतात आणि बारसे दुसऱ्या खोलीतून ऐकतात.

हा प्रश्न फक्त आजीआजोबांचा नाही. विश्वाच्या उत्पत्तीचा अभ्यास करणारे विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जानेवारी २००१ मध्ये मुंबईला आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'स्ट्रिंग्ज २००१' ही आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण ज्या संस्थेने उभारली, तीच ही संस्था. हॉकिंग यांचे जवळजवळ सर्व स्नायू निकामी झालेले होते. ते विजेच्या चाकखुर्चीतून फिरत आणि संगणकाच्या आवाजातून बोलत. त्यांची खुर्ची सुखरूप पोहोचली नसती, तर जगातील एक तल्लख मेंदू हॉटेलच्या खोलीत अडकून पडला असता. त्याच भेटीत ते दिल्लीलाही गेले आणि तेथील काही ऐतिहासिक वास्तूंवर त्यांच्या खुर्चीसाठी तात्पुरते उतार बसवण्यात आले.

या हॉकिंग यांनी एक विमानप्रवास मात्र खुर्चीशिवाय केला. २६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेत एका खास बोइंग ७२७ विमानाने वर चढून खाली झेप घेतली, तेव्हा त्या थोड्या सेकंदांत आतल्या सर्वांना वजनरहित अवस्था अनुभवता आली. हॉकिंग हवेत तरंगले. जिथे वजनच जाणवत नाही तिथे पायांची गरज राहत नाही! बाकीच्या सर्व उड्डाणांत गुरुत्वाकर्षण असते, आणि म्हणून चाकेही लागतात.

बॅटरी पाहू या

आजींच्या स्कूटरमध्ये तीनपैकी एका प्रकारची बॅटरी असू शकते.

पहिला प्रकार जुन्या मोटारीतल्या बॅटरीचा. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेली ही बॅटरी आडवी झाली की आम्ल सांडते. विमानाचा सांगाडा बराचसा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो आणि सांडलेले आम्ल त्याला खाते. म्हणून अशी बॅटरी सरळ उभी ठेवता येत असेल तरच ती स्कूटरवर राहू शकते. नाहीतर ती काढून आम्ल न झिरपणाऱ्या, मजबूत पेटीत उभी ठेवावी लागते.

दुसरा प्रकारही शिशाचाच, पण त्यातले आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले किंवा जेलीसारखे घट्ट केलेले असते. तिला न सांडणारी बॅटरी म्हणतात. नाव घेण्यापूर्वी तिला परीक्षा द्यावी लागते. बॅटरीच्या पेटीला तडा गेला आणि तापमान ५५ अंश सेल्सिअस झाले, तरी आम्ल वाहता कामा नये. ही परीक्षा उत्तीर्ण झालेली बॅटरी स्कूटरवर पक्की बसवलेली असेल, तर तशीच विमानात जाते.

तिसरा प्रकार लिथियम-आयन बॅटरीचा. ती बाजारात १९९१ मध्ये आली आणि तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा मोठा गुण हलकेपणा. जी ऊर्जा साठवायला शिशाची आठ किलोंची बॅटरी लागते, ती लिथियमच्या दोन किलोंच्या आसपास मावते. स्कूटर घडी घालून मोटारीत टाकता येऊ लागली, ती या बॅटरीमुळे. पण थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा कोंबली की ती सांभाळावीही लागते. विमानाचे सर्वांत कडक नियम हिच्यासाठीच आहेत.

एक सोपे गणित

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. एक व्होल्टचा, दुसरा अँपिअर-तासांचा. त्यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॉट-तासांत कळते.

आजींच्या स्कूटरची बॅटरी २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास आहे असे धरू.

२४ × १२ = २८८ वॉट-तास.

ही ऊर्जा थोडी की फार? घरच्या विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. म्हणजे आजींच्या बॅटरीत पाव युनिटाहून थोडी जास्त वीज मावते. फारच थोडी वाटते, नाही का? आता तीच ऊर्जा ज्यूलमध्ये मांडा. एक वॉट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल.

२८८ × ३,६०० = १०,३६,८०० ज्यूल.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३,१५,००० ज्यूल लागतात. तेव्हा आजींच्या बॅटरीतली सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन बाहेर पडली, तर सव्वातीन लिटर पाणी उकळू लागेल. शिवाय लिथियम बॅटरीतला द्रव स्वतः ज्वालाग्राही असतो. तो जळला की निघणारी उष्णता वेगळीच.

स्कूटर चालवताना ही ऊर्जा तास-दोन तासांत हळूहळू खर्च होते. धोका असतो ती एकदम बाहेर पडण्यात. बॅटरीच्या दोन अग्रांवर चुकून किल्ली पडली तर काय होते पाहा. किल्ली आणि बॅटरी यांचा मिळून रोध ०.०५ ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने प्रवाह २४ ÷ ०.०५ = ४८० अँपिअर! घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही पुरतो. इतक्या प्रवाहाने किल्ली क्षणात लालबुंद होईल. चांगल्या लिथियम बॅटरीत असा प्रवाह तोडणारे मंडल बसवलेले असते, तरीही नियम सांगतो की बॅटरी काढली तर तिची अग्रे चिकटपट्टीने झाका आणि ती स्वतंत्र पिशवीत ठेवा. शिशाच्या बॅटरीच्या अग्रांनाही शॉर्ट सर्किटपासून असेच जपावे लागते. (हा प्रयोग खऱ्या बॅटरीवर मुळीच करू नका. कागदावरच करा.)

कोड्याचे उत्तर

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू.

लिथियम बॅटरी लहान लहान घटांची बनलेली असते. एखादा घट आतून बिघडला किंवा चेपला गेला की तो तापू लागतो. ठरावीक तापमानाच्या पुढे गेल्यावर आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करतात; त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होतात; मग आणखी उष्णता. शेवटी घट फुटतो आणि शेजारचा घट तापवतो. रांगेतली एक वीट पडली की पुढच्या पडत जातात, तसे हे चालते.

विमानात प्रवाशांच्या पायांखाली सामानाचा मोठा कप्पा असतो. त्याला आपण मालकप्पा म्हणू. तिथे धूर ओळखणारी यंत्रे असतात आणि आग विझवायला हॅलॉन नावाचा वायू सोडता येतो. हॅलॉन ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतो. कागद किंवा कापड पेटले असेल तर तो उत्तम काम करतो. पण तो बॅटरीला थंड करीत नाही. ज्वाला विझली तरी घटांतली उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जातच राहते, आणि उड्डाण चालू असताना तिथे कोणाला उतरता येत नाही.

प्रवाशांच्या कक्षात बॅटरीतून धूर आला तर काय होते? शेजारच्या माणसाला लगेच वास येतो. हवाई सेवक धावतो, ज्वाला विझवतो आणि मग बॅटरीवर पाणी ओततो. हो, साधे पाणी! लिथियम धातू पाण्याशी जोराने संयोग पावतो हे तुम्ही शिकला असाल, पण या बॅटरीत लिथियम मुख्यत्वे आयनांच्या रूपात असते. इथे पाण्याचे काम उष्णता शोषून पुढचा घट पेटू न देणे हे आहे.

तेव्हा उत्तर असे. जो धोका आपोआप शमत नाही, तो माणसांच्या नजरेसमोर आणि हाताच्या अंतरावर असलेला बरा. फवारणीचे औषध खोलीत नुसते पडून राहते. बॅटरी बिघडली की स्वस्थ राहत नाही, म्हणून तिच्यावर राखण लागते.

मालाला बंदी, पायांना परवाना

हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. आगीची पहिली सूचना मिळाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास मनाई केली.

प्रवाशाच्या स्वतःच्या वापरातल्या बॅटरीला मात्र मर्यादेत सूट आहे. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक यांना १०० वॉट-तासांपर्यंत हरकत नाही. १०० ते १६० च्या दरम्यान असेल तर विमान कंपनीची संमती लागते. त्याहून मोठी बॅटरी नेता येत नाही. विजेवर चालणारी सायकल किंवा खेळण्यातली पळती फळी घेऊन जाणाऱ्याला म्हणून बहुधा परत पाठवतात.

आता आजींची बॅटरी २८८ वॉट-तासांची. १६० च्या कितीतरी वर. मग आजींनी घरी बसायचे काय?

नाही. चालता न येणाऱ्या माणसासाठी नियमात वेगळी तरतूद आहे. स्कूटरची किंवा चाकखुर्चीची बॅटरी सुटी होत असेल, तर ती काढून ३०० वॉट-तासांपर्यंतची एक बॅटरी प्रवाशाला आपल्याजवळ कक्षात नेता येते. स्कूटर दोन बॅटऱ्यांवर चालत असेल, तर प्रत्येकी १६० वॉट-तासांपर्यंतच्या दोन नेता येतात. बॅटरी काढण्याची रचनाच नसेल आणि ती स्कूटरच्या सांगाड्यात सुरक्षित असेल, तर अधिक मोठी बॅटरीही स्कूटरसह मालकप्प्यात जाऊ शकते. त्या वेळी वीज पूर्ण तोडावी लागते आणि स्कूटर हलू नये अशी बांधावी लागते. या सर्वांसाठी कंपनीची आगाऊ संमती लागते, आणि बॅटरीची स्कूटर विमानात कोठे ठेवली आहे हे मुख्य वैमानिकाला कळवलेच पाहिजे.

इथे थोडा विचार करा. एकच बॅटरी. सायकलीत असली तर नाही. पायांच्या जागी असली तर हो. विज्ञानाने धोका किती आहे ते मोजले. त्यातला किती पत्करायचा, हे माणसाची गरज पाहून ठरले. सायकल हौसेची असू शकते, पाय हौसेचे नसतात.

ठप्पा पाहून घ्या

या बॅटऱ्यांना प्रवासाआधी संयुक्त राष्ट्रांच्या नियमपुस्तिकेतील '३८.३' या कलमाखालच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. एका परीक्षेत बॅटरी ११.६ किलोपास्कल इतक्या कमी दाबात सहा तास ठेवतात; सुमारे १५ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इतका असतो. दुसऱ्या परीक्षेत ती ७२ अंशांवरून उणे ४० अंशांपर्यंत पुन्हापुन्हा नेतात. मग हादरे, धक्के आणि शॉर्ट सर्किट. इतके झाल्यावरही ती गळता, फुटता किंवा पेटता कामा नये.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. जुनी बॅटरी संपली की पुष्कळदा घट जोडून बनवलेली स्वस्त बॅटरी बसवून घेतली जाते. तिच्यावर ना कारखान्याचे नाव असते, ना वॉट-तासांचा आकडा. गावातल्या रस्त्यावर ती चालेलही, पण विमानतळावर तिच्याविषयी कोणाची खात्री पटवता येत नाही. आकडा आणि परीक्षेचे प्रमाणपत्र बॅटरी विकत घेतानाच मागून घ्यावे.

उलटा ब्रेक

बॅटरी काढली, पिशवीत ठेवली. आता स्कूटर ढकलून विमानापर्यंत न्यायची. आणि ती जागची हलत नाही! सामान उचलणाऱ्या माणसाला वाटते की काहीतरी अडकले. तो जोर लावतो, ओढतो, आणि दंतचक्राचे दाते तुटतात.

झाले काय? सायकलीचा ब्रेक दाबला की लागतो. स्कूटरचा ब्रेक वीज असली की सुटतो. आत एक मजबूत स्प्रिंग ब्रेकची चकती सतत दाबून धरते. वीज सुरू झाली की विद्युतचुंबक स्प्रिंगविरुद्ध चकती मागे ओढतो आणि चाक मोकळे होते. ही रचना मुद्दाम केलेली आहे. उतारावर असताना वीज गेली, तर स्कूटर घरंगळू नये, जागीच थांबावी. आगगाडीचा एअर ब्रेकही याच विचाराने केलेला आहे. नळीतली हवा निघून गेली की तो आपोआप लागतो.

बॅटरीशिवाय स्कूटर ढकलता यावी म्हणून मागच्या बाजूला एक लहान खटका असतो. तो फिरवला की मोटर चाकांपासून सुटी होते. हा खटका आजींना ठाऊक असतो, लोहगावच्या किंवा बंगळूरच्या हमालाला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून जाड कागदावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत 'खटका इथे आहे, असा फिरवा, इथे धरून उचला' असे लिहून, बाण काढून तो स्कूटरला बांधावा. कुठल्याही भाषेतल्या माणसाला समजेल असे चित्र असले तर उत्तम. शाळकरी नातवाने करावे असे हे काम आहे, आणि त्याने कदाचित स्कूटर वाचेल.

दार आणि उतार

आता भूमिती. मालकप्प्याचे दार प्रत्येक विमानाचे सारखे नसते. एअरबस ए-३२० चे दार सुमारे १२० सेंटिमीटर उंच असते. बोइंग ७३७ चे ८५ ते ९० सेंटिमीटर. पाठ आणि दांडा उभा असताना स्कूटर मीटरभर उंच भरली, तर ती एका विमानात सरळ जाईल आणि दुसऱ्यात पाठ व दांडा मुडपल्याशिवाय जाणार नाही. म्हणून तिकीट काढताना स्कूटरची लांबी, रुंदी, मुडपलेली उंची आणि वजन सांगावे लागते.

स्वतः आजींचे काय? ए-३२० विमानाचे प्रवासी दार जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटर उंचीवर असते. चाकखुर्चीच्या उतारासाठी सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे. एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. तर विमानाच्या दारापर्यंतचा उतार किती लांब हवा?

३.५ × १२ = ४२ मीटर!

खोडदच्या दुर्बिणीची एक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. ती पाहिली असेल तर हा उतार केवढा होईल याची कल्पना येईल. म्हणूनच विमानतळाच्या इमारतीला जोडलेला पूल किंवा खुर्चीसकट माणसाला वर उचलणारी गाडी लागते. विमानात शिरल्यावर मधली वाट जेमतेम अर्धा मीटर रुंद असते. तिथे आजींना कमी रुंदीच्या खास चाकखुर्चीवर बसवून जागेपर्यंत नेतात.

मालकप्प्यात हवा विरळ असते, म्हणून टायरांतली हवा काढून टाका, असा सल्लाही कोणी देईल. प्रवासी विमानाचा मालकप्पा आणि प्रवाशांचा कक्ष यांत दाब सारखाच राखलेला असतो. तो फार तर सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या तीनचतुर्थांश असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. हा दाब त्याच्या वरचा झाला, पण टायर फुटण्याजोगा नव्हे.

हक्क आणि तयारी

फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष या मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेल्या कार्यकर्त्या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला आणि त्यात प्रवासाच्या सोयींचाही समावेश केला. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला विमानात घेण्याचे नाकारता येत नाही. प्रवाशानेही आपली गरज किमान ४८ तास आधी कळवायची असते.

दोन्ही बाजूंनी आपापले काम केले तर आजींचा प्रवास असा होईल. तिकिटाबरोबर बॅटरीचा प्रकार आणि वॉट-तास कळवले. प्रमाणपत्राची प्रत पिशवीत घेतली. विमानाच्या दारापर्यंत आजी स्वतःच्या स्कूटरवर गेल्या. तिथे बॅटरी काढून अग्रे झाकली, ती स्वतःजवळ ठेवली. खटका फिरवून, पाठ मुडपून स्कूटर खाली गेली. बंगळूरला ती विमानाच्या दाराशीच आणून द्यावी, अशी विनंती आधीच केलेली होती.

करून पहा

१. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची एकच सुटी बॅटरी असलेली स्कूटर आहे. बॅटरी काढून कक्षात नेता येईल का?

२. स्कूटरला २४ व्होल्ट, ६.६ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्या नेता येतील का?

३. पॉवर बँकेवर ३.७ व्होल्ट आणि २०,००० मिलिअँपिअर-तास असे छापले आहे. ती किती वॉट-तासांची?

४. तुमच्या शाळेचा ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर चाकखुर्चीसाठी किती लांब उतार लागेल?

(उत्तरे: १. ३६० वॉट-तास, नाही. २. प्रत्येकी १५८.४ वॉट-तास, होय. ३. ७४ वॉट-तास. ४. ५.४ मीटर.)

चौथ्या प्रश्नातला आकडा कल्पनेतला आहे. तुम्ही शाळेचा, ग्रामपंचायतीचा, दवाखान्याचा आणि एसटी स्थानकाचा ओटा टेप घेऊन खरोखर मोजा. उतार असेल तर त्याची लांबी आणि उंची मोजून प्रमाण काढा. १:१२ पेक्षा चढा असेल तर तसे लिहा. गावात बॅटरीची तीनचाकी वापरणारे कोणी असतील, तर त्यांना विचारून बॅटरीवरचे आकडे टिपून घ्या आणि ती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात मांडण्याजोगा हा प्रकल्प होईल. शिक्षकांनी तो तक्ता ग्रामसभेतही वाचून दाखवावा; मंचर ते लोहगाव हा रस्ता सुरू होतो तो घराच्या उंबऱ्यापासून, आणि त्या उंबऱ्याची उंची मोजायला विमान लागत नाही.